मडमेचा दुभाष्या

बुटांसकट! चंद्रभान बुटांसकट थेट मागाजवळ आला आणि मनकर्णेच्या हातातला धोटा जागच्या जागी थांबला. कोष्टीपुऱ्यातल्या या घरात आजवर कुणी अनवाणी झाल्याशिवाय मागापाशी फिरकले नव्हते... आणि हा कुलदीपक टाय लावून, एका फ्रेंच मडमेच्या मागोमाग, सख्ख्या बहिणीच्या घरात परक्यासारखा शिरत होता!

कोष्टीपुऱ्यातले माग पाहायला आलेल्या या मडमेबरोबर कॉलेजच्या प्राध्यापकांनी त्याला दुभाष्या म्हणून पाठवले होते. आपले घर टाळून तो मडमेला पुढे नेऊ पाहत होता. पण दारातून तिला मागावरचे रेशीमकाठी लुगडे दिसले आणि ती आपण होऊन आत आली.

आईमागोमाग बापही गेल्यावर मनकर्णेने चालून आलेली दोन स्थळे परतवली आणि बापाच्या मागावर ती बसली, ते या दिवट्याला बी. ए. करण्यासाठी! इंग्रजी, फ्रेंच, जर्मन... तीन-तीन भाषा! आणि कॉलेजात सांगितले काय? तर वडील उमरेडकडचे मालगुजार होते, अख्ख्या गावाचे जमीनदार! हे तिच्या कानावर आले होते. पण त्या वेळी तिने सांगणाऱ्यालाच झिडकारले होते.

"या साहेब," ती म्हणाली, "गरिबाघरी कसे काय आलेत?"

चंद्रभानने नजर चुकवली. मडमेने काही विचारले, तसा तो ठेवणीतल्या मराठीत म्हणाला, "हे लुगडं विणायला किती दिवस लागतात, असं त्या विचारताहेत."

विचारताहेत म्हणे! आज सकाळीच याच तोंडाने 'बाई, मले भाकर दे वं' म्हणत होता!

"आठ दिवस, साहेब."

"आणि... घरी आणखी कोण असतं, असंही विचारताहेत."

मनकर्णेने धोटा खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता; होता तो निव्वळ तिरस्कार.

"सांगा तिले, एक भाऊ होता. या मागाजवळ निजवून मी त्याले वाढवला. तो मेला, साहेब... आत्ताच मेला! सांगा ना! काहून थांबले? तीन भाषा येतात न तुम्हाले? एकीत तरी सांगा!"

चंद्रभान मडमेकडे वळून तिच्या भाषेत तुटक-तुटक काही बोलला. मनकर्णेला त्यातले अक्षर कळले नाही. पण मडमेचा चेहरा उतरला, तिने लगबगीने आपले बूट काढून उंबऱ्याबाहेर ठेवले आणि मनकर्णेपुढे हात जोडले.

"काय सांगितलं तिले?"

"बाई... सांगितलं, हे माहं घर आहे, हे माही बहीण आहे... अन् मी खोटारडा आहो!" तो हुंदके देऊ लागला.

मनकर्णेने आवाजातली धार जाऊ दिली नाही. "तिले न सांगता समजलं! अन् तू इथं जन्मलास! बूट काढ गा आधी!"

तो खाली बसला. रडता रडता त्याला नाड्या सुटेनात.

"तेवढंही येत नाही तुले!" असे म्हणत, पदराने डोळे पुसत, ती मागावरून उठली आणि त्याच्यापुढे बसून तिनेच ती गाठ सोडवली.