उरलेले उपसर्ग

ट्रान्स- : पलीकडे

लिफ्टचं दार मिटता मिटता मध्ये एक हात आला. मागोमाग हाताचा मालक. उंच, भिजलेला, आणि डाव्या कानाच्या वर टाक्यांच्या जागी केस नुकतेच उगवू लागलेले.

"कितवा मजला?" तिनं बटणांपाशी बोट धरून विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "ट्रान्स…"

"अहो, आकडा सांगा की! आम्हालाही वर जायचंय," मागून कुणीतरी करवादलं.

ती दार उघडं धरून उभी राहिली. या हॉस्पिटलात ती स्पीच थेरपिस्ट होती. लोकांना वाटायचं, ती शब्द शिकवते. खरं तर तिचं अर्धं काम थांबण्याचंच होतं…

"…चौथा," तो म्हणाला. आणि असा हसला, की जणू आकडा नव्हे, खिशातून काढून काहीतरी तिच्या तळहातावर ठेवलंय.

चौथा मजला तिचाच होता. आणि पुढचा पेशंट तो होता.

सब- : खालून

"मेडिकलच्या पोरांना लॅटिन शिकवायचा हो," त्याची मोठी बहीण सांगत होती. "घडाघडा बोलायचा. नको नको व्हायचं ऐकून. आणि आता मला ताई म्हणायचं तर याला घाम फुटतो."

मेंदूत गाठ होती. नेमकी भाषेच्या जागी. कानावरचे टाके तिचा तुकडा तपासायला काढल्याचे.

"पा…" तो म्हणाला.

"पाणी! पाणी हवंय त्याला."

"ताई, तुम्ही बोलायचं नाही." तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, पण मला कळतंय ना त्याला काय हवंय ते!"

"म्हणूनच."

"पा…य," तो कळवळून म्हणाला. "तुझा. माझ्या… वर."

ताई दचकून बाजूला झाली. मग तिघंही हसले. त्या खोलीत असं हसू फार दिवसांनी झालं असावं.

शब्द तुटले होते, पण एक गोष्ट शाबूत होती. दरवर्षी नव्या वर्गासमोर म्हटलेली उपसर्गांची यादी पाढ्यासारखी, एका दमात बाहेर यायची : री म्हणजे पुन्हा, एक्स म्हणजे बाहेर, सब म्हणजे खालून, ट्रान्स म्हणजे पलीकडे, पोस्ट म्हणजे नंतर. ती त्या यादीचीच दोरी ताणून धरायची आणि एकेक शब्द तिच्यावर वाळत घालायची.

"पोर्ट?"

"वाहून… नेणं."

"एक्सपोर्ट?"

"बाहेर… नेणं."

"ट्रान्सपोर्ट?"

"इथून… पलीकडे."

"सपोर्ट? सब अधिक पोर्ट?"

टेबलावर टेकलेल्या तिच्या कोपराखाली त्यानं तळवा सरकवला आणि अलगद, जेमतेम जाणवेल एवढाच, वर उचलला. "खालून," तो म्हणाला.

तिनं हात काढून घ्यायला हवा होता. घेतला नाही.

"आणि प्रेमाला कुठला उपसर्ग लागतो, सर?" तिनं चेष्टेनं विचारलं. आवाज मात्र चेष्टेचा निघाला नाही.

तो विचारात पडला. खिडकीच्या काचेवरून पावसाचा एक थेंब अडखळत खाली गेला.

"लागत नाही," तो म्हणाला. "प्रेमाचाच… उपसर्ग होतो."

"अगं बाई!" ताई म्हणाली, आणि स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलं.

एक्स- : बाहेर

गाठ वाढत होती.

"काढली तर जगेल," सर्जन तिला बाजूला घेऊन म्हणाले. "पण उरलीसुरली भाषा जाईल. नाही काढली तर माणूसही जाईल, भाषाही. हळूहळू. निर्णय त्याचा. तुम्ही विचारा, तुमच्यापाशी बोलतो तो."

तिनं विचारलं. ताई कोपऱ्यात, सर्जन दारात.

"सर… गाठ काढायची?"

त्यानं तोंड उघडलं. काही आलं नाही. तो तिच्याकडे बघत होता, तिच्या पलीकडे काहीतरी शोधत होता. ओठ हलत होते. आणि ती… जी ताईला रोज दटावत होती, ती… तिला अचानक ती शांतता सोसेना.

"हो?" ती म्हणाली. "हो ना? हो म्हणा ना…"

"हो," तो म्हणाला.

दमलेला पेशंट शेवटचा ऐकलेला शब्द परत करतो. हे त्या खोलीत तिच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं.

सर्जननी मान डोलावली आणि गेले. ताई रडायला लागली, आनंदानं. तो टेबलाकडे बघत राहिला.

इन- : आत. कधी कधी, नाही

त्या संध्याकाळी ती घरी गेली आणि जेवली नाही. एवढंच.

री- : पुन्हा

"तो हो माझा होता," सकाळी ती सर्जनना म्हणाली. "त्याचा नव्हता. मी त्याच्या तोंडात घातला."

"अहो, उद्याच्या ऑपरेशनची तयारी झालीये सगळी!"

"म्हणून तर आज आले. पुन्हा विचारू द्या."

ताईनं व्हरांड्यात तिला गाठलंच. "मिळालेला हो परत करताय? त्यानं नाही म्हटलं तर? भाऊ माझा जाणारे, तुमचं काय जातंय?"

तिचं काय जात होतं, ते ताईला तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"जीव त्याचा आहे, ताई," ती कशीबशी म्हणाली.

ती त्याच्यासमोर बसली. एकदाच विचारलं. मग ओठ दातांखाली धरले. टेबलावरचं ऊन सरकत सरकत खाली उतरलं. सर्जननी दोनदा घसा खाकरला. ती हलली नाही.

"पोस्ट…" तो म्हणाला. "पोस्ट म्हणजे…"

ती थांबली.

"…नंतर. नंतर… शब्द नाही. मी… असा. तू…" कपाळावर घाम. "तू थांबशील? लिफ्ट… सारखी?"

कालही त्याला हेच विचारायचं होतं. आणि तिनं त्याच्या प्रश्नावर स्वतःचं उत्तर ठेवून दिलं होतं.

ती बोलायला गेली. त्यानं बोट तिच्या ओठांपाशी आणलं, न टेकवता.

"आत्ता नको. भीतीनं… हो म्हणशील. नंतर… सांग."

मग तो दाराकडे वळला, सर्जनकडे. "काढा. हो." हा हो त्याचा होता. जड, वाकडा, पण त्याचाच.

पोस्ट- : नंतर

तो जगला. उजवा हात चादरीवर परक्यासारखा पडलेला, तोंडाची एक बाजू उतरलेली.

"री म्हणजे…" तिनं सुरुवात करून दिली.

तो बघत राहिला. दोरीही गेली होती.

"एक्स म्हणजे…"

बाहेर चाकांच्या खुर्च्या खडखडत होत्या. ताईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता सांगायचं होतं. त्यानं 'नंतर सांग' म्हटल्यापासून तिनं वाक्य घोटलं होतं, साधं, सरळ. तिनं तोंड उघडलं. "मी… तुम्हाला…" पुढे येईचना. "मी…"

"अगं, सांग की त्याला, की तुझं त्याच्यावर—" ताई न राहवून म्हणाली.

त्याचा डावा हात हलला. फार सावकाश वर आला. ओठांवर एक बोट, ताईकडे बघून.

ताई एक पाऊल मागे सरली.

मग तोच हात खाली आला, तिच्या कोपराखाली सरकला आणि तिथंच राहिला. तो तिच्याकडे बघत होता. दार उघडं धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखा.

"मी…" ती म्हणाली.

त्याला घाई नव्हती.