ग्रेटाने काढून टाकलेला पिचर

“तुमची कॉफी... माझ्या बुटात गेली.”

ग्रेटा हावेल दचकली. खाली बेसबॉलच्या मैदानावर पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, इतका देखणा वळणारा चेंडू टाकला होता, की टाळी वाजवायला तिने दोन्ही हात उचलले होते – एका हातात कॉफी आहे हे साफ विसरून! शेजारच्या खुर्चीत एक उंच, हडकुळा तरुण पाय झटकत होता. एप्रिलमध्ये आयोवातल्या त्या गावात नदीवरून असा बोचरा वारा सुटायचा, की सामन्याला मोजकीच माणसं यायची. एवढ्या रिकाम्या खुर्च्या सोडून हा नेमका इथेच का येऊन बसला होता, कोण जाणे.

“अय्या, सॉरी हं! भाजलं का?”

“छे. उलट बरं वाटलं. मगापासून बोटं गारठली होती.”

त्याच्या हातात चेंडूचा वेग मोजायचं यंत्र होतं. मोठ्या संघांसाठी खेळाडू हेरत फिरणारी माणसं असली यंत्रं घेऊन बसतात. हा त्यांच्यातलाच असणार, असं तिने ठरवून टाकलं.

“तुम्ही फार बारकाईने बघताय,” तो म्हणाला. “कुणासाठी?”

“माझ्या संघासाठी.”

“तुमचा संघ आहे?”

“म्हणजे... फॅन्टसी लीग हो. माझा भाऊ कर्ट चालवतो. घरचे, शेजारचे, असे आम्ही सगळे आहोत. खरे खेळाडू निवडायचे, ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. आमच्यात तर छोट्या संघांतली होतकरू मुलंसुद्धा आधीच राखून ठेवता येतात. आणि पिचर पारखण्यात माझा हात कुणी धरत नाही, सांगून ठेवते!”

“असं? मग उद्याचा पिचर कसा वाटतो? तो टॅकेट?”

“ओरिन टॅकेट? फुकट दिला तरी नको.”

यंत्र हळूच खाली आलं. “का बुवा?”

“वेग आहे. वळण तर काय सुरेख! पण भित्रा आहे हो तो. फलंदाजाच्या अंगाजवळ टाकायची वेळ आली, की याचा चेंडू निघाला बाहेर फिरायला. फलंदाज काय, आरामात वाट बघत उभे राहतात.”

“भित्रा...” तो स्वतःशीच म्हणाला.

तेवढ्यात दारावर तिकिटं बघणाऱ्या म्हाताऱ्या बाई खालून ओरडल्या, “ए टॅकेट! कोच बोलावतोय तुला! यंत्र घेऊन ये म्हणाला!”

मैदानात टोपीखाली अर्धा झाकलेला तो चेहरा ग्रेटाने इतक्या जवळून कधी बघितलाच नव्हता. तो उठला. बुटातून पच् असा आवाज आला.

“उद्या याल?”

“कुठल्या तोंडाने येऊ?”

“टोपी खाली ओढून या. पण... या.”

दुसऱ्या दिवशी ती टोपी ओढून आली. पहिल्याच फलंदाजाला ओरिनने चेंडू टाकला तो थेट अंगाजवळून, छातीवरची बटणं मोजता येतील इतक्या जवळून! फलंदाज मागे उडाला. ओरिनने वर, तिच्या रांगेकडे बघितलं... आणि टोपीच्या आत ग्रेटाचे कान तापले. संध्याकाळी तिने त्याला आपल्या संघात घेतलं.

ग्रेटा चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आठवड्याभरात ओरिन डोळे तपासायला हजर! समोरच्या भिंतीवरची सगळ्यांत खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ त्याने घडाघडा वाचली आणि म्हणाला, “काहीच दिसत नाही. मला वाटतं, रोज यावं लागणार.”

“डोळे ठणठणीत आहेत तुमचे.”

“मग तुम्हीच सांगा, दुसरं काय कारण काढू?”

तिने एक कारण सांगितलं – नदीकाठच्या टपरीवर तळलेला मासा चांगला मिळतो. तिथल्या लाकडी बाकावर ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

त्याच बाकावर एकदा, पाण्याकडे बघत, तो म्हणाला, “तू मला भित्रा म्हणालीस ना, ते खरं होतं.”

“ओरिन, तो विषय—”

“ऐक ना. केंटकीत, शाळेच्या संघात होतो. माझा चेंडू निसटला... आणि जिवलग मित्राचा एक डोळा गेला. त्याने मला केव्हाच माफ केलं गं. पण चेंडू हातातून सुटतो ना, त्या क्षणी मला अजून त्याचाच चेहरा दिसतो.”

ग्रेटाने त्याचा हात हातात घेतला. लांब, खरखरीत बोटं. या हाताबद्दल आपण किती सहज बोलून गेलो... तिला स्वतःची लाज वाटली. आणि दुसरंही काही वाटलं, जे तिला नको होतं. भीती. हा हात आता तिच्यासाठी कुठल्या एका पिचरचा हात राहिला नव्हता.

भीती कशी असते, हे तिला ठाऊक होतं. कर्टही कधीकाळी पिचर होता. एका दुपारी त्याच्या खांद्यातून आलेला आवाज तिने कुंपणापाशी उभं राहून ऐकला होता. आजही कर्टला वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर डाव्या हाताने काढावा लागायचा.

जूनच्या अखेरीस नदीवरून पांढऱ्या पंखांच्या माश्यांचे थवे उठले. मैदानाच्या दिव्यांभोवती त्यांचं धुकं जमलं, पायाखाली चुरचुर व्हायला लागलं. त्या धुक्यातून ग्रेटाला जे दिसलं, ते बाकी कुणाला दिसलं नाही. चेंडू टाकताना ओरिनचं कोपर खाली येत होतं. अगदी थोडं... बोटभर. वळणारा चेंडू टाकला, की तो मुठीची उघडझाप करायचा; करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झटकायचा.

मग तिला मैदानाबाहेरही दिसायला लागलं. तो कप डाव्या हाताने उचलायचा. गाडीचं दार डाव्या हाताने उघडायचा. तिचे केस कानामागे सारायचे, तर तेही डाव्या हाताने!

“हात दुखतोय का रे?” तिने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

“थकलाय नुसता.” तो हसला, पण फार पटकन हसला. “तू सांग ना, पारखी बाई. कसा टाकतोय मी?”

तिला सगळं सांगून टाकायचं होतं. त्याच्या डोळ्यांत मात्र अशी विनवणी होती, की...

“मस्त,” ती म्हणाली.

त्या रात्री ती संघ बघायला बसली. ओरिन टॅकेट. नावापुढे गेल्या सामन्याचे आकडे. म्हणजे आपण घरी बसून या हाताकडून गुण मागतोय? तो हात ठणकत असताना? तिला बघवेना. तिने त्याला संघातून काढून टाकलं, आणि दिवा मालवल्यावरही डोळे उघडे ठेवून पडून राहिली.

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, कर्टच्या अंगणात सगळे जमले. शेगडीवर मांस भाजलं जात होतं, मक्याची कणसं लोण्यात न्हात होती. ओरिन उशिरा आला, तो धावतच.

“शनिवारी वरच्या संघाची माणसं येणार आहेत! मला बघायला! कोच म्हणाला, नीट टाकलंस तर त्याच आठवड्यात बोलावणं येईल!”

अंगणात एकच कल्ला झाला. मावशीने त्याच्या गालाचा मुका घेतला. ग्रेटा हातातली ताटली घट्ट धरून उभी राहिली. कर्टने ओरिनच्या पाठीत धपाटा घातला आणि मोठ्याने हसत म्हणाला, “आणि ही शहाणी बघ! परवाच तुला संघातून काढून बसलीय! कपाळकरंटी कुठली!”

ओरिन हसत होता. हसता हसता थांबला.

“काढलंस?”

“ओरिन... जरा इकडे ये.”

गॅरेजच्या मागे, लाकडांच्या ढिगापाशी, दोघं समोरासमोर उभी राहिली.

“तोंडावर म्हणालीस मस्त,” तो हळू आवाजात म्हणाला. “आणि मागे जाऊन काढून टाकलंस. म्हणजे माझं संपलंय, हे तुला दिसलं. फक्त मला सांगावंसं वाटलं नाही.”

“सांगायची भीती वाटली.”

“कसली?”

“तू असा बघशील याची. आत्ता बघतोयस तसा.” तिचा आवाज चिरकला. “तुझं कोपर खाली येतंय, ओरिन. तुझी दोन बोटं बधिर होतात, हो ना? खोटं नको बोलूस. कप कुठल्या हाताने उचलतोस ते मला माहितीये. तुझ्या हाताचे गुण मला नको होते, म्हणून काढलं. मला... मला तो हात धड हवाय रे.”

दूर कुणीतरी दुपारीच फटाका फोडला, तशी दोघंही दचकली.

“मी सव्वीस वर्षांचा आहे,” शेवटी तो म्हणाला. “माझ्याबरोबरची पोरं केव्हाच वर गेली. शनिवारी मी नाही म्हणालो, तर पुन्हा कुणी विचारणार नाही. तुला हात दिसतो, ग्रेटा. मला हे शेवटचं दार दिसतंय.”

“डॉक्टरला तरी दाखव!”

“शनिवारनंतर.”

तो बाजूच्या फाटकातून निघून गेला. त्याच्यासाठी वाढलेलं कणीस ताटलीत थंड झालं.

शनिवारपर्यंत त्याचा फोन आला नाही. जाऊ नये, असं ग्रेटाने दहा वेळा ठरवलं आणि दुपारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. पुढच्या रांगेत तीन अनोळखी माणसं यंत्रं घेऊन बसली होती. आकाश भरून आलं होतं, झाडाचं पानही हलत नव्हतं.

पहिला डाव छान गेला. दुसराही. लोक आरडाओरडा करत होते. ग्रेटा मात्र प्रत्येक चेंडूला डोळे मिटत होती. डोळ्यांना दिसेना, म्हणून कान ऐकायला लागले... कर्टच्या खांद्यातून आला होता तसा आवाज आता येईल, मग येईल. देवा, आजचा दिवस जाऊ दे. एवढा एक दिवस.

तिसऱ्या डावात लोकांमधून एकदम किंचाळी उठली. तिने डोळे उघडले.

फलंदाज जमिनीवर आडवा होता. त्याचं हेल्मेट घरंगळत दूर गेलं होतं. चेंडू ओरिनच्या हातातून निसटून थेट त्याच्या डोक्याच्या दिशेने सुटला होता. मग फलंदाज हलला, उठून बसला, हात वर केला – लागलं नव्हतं. केसभराने हुकलं होतं.

लोक टाळ्या वाजवायला लागले. ओरिन मात्र मातीच्या उंचवट्यावर पुतळ्यासारखा उभा होता. चेहरा पांढराफटक. त्याला आत्ता कोण दिसत असेल, हे त्या मैदानात फक्त ग्रेटाला माहीत होतं. ती उभी राहिली. का, तिलाही कळलं नाही.

ओरिनने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. बोटं उघडली, मिटली. मग वर, तिच्याकडे बघितलं... बराच वेळ. आणि डावा हात उंचावून त्याने संघाच्या फिजिओला मैदानात बोलावलं.

पुढच्या रांगेतल्या त्या माणसांनी यंत्रं पिशवीत भरली.

खेळाडूंच्या दारापाशी ती उभी होती, तेव्हा पावसाचे थेंब पडायला लागले. ओरिन बाहेर आला तो दंडापासून मनगटापर्यंत बर्फ गुंडाळून.

“मला बोटंच कळत नव्हती,” तो म्हणाला. “चेंडू हातात आहे की सुटला, तेच कळेना. तो मेला असता, ग्रेटा.”

“नाही ना मेला.”

“दार गेलं.”

“जाऊ दे.” मग तिला वाटलं, हे फार सोपं झालं. “नाही... जाऊ दे नाही. मला माहितीये काय गेलं ते. रड हवं तर. मी थांबते इथे.”

तो खरंच रडला, तिच्या खांद्यावर कपाळ टेकून, पावसात. त्याच्या हाताचा बर्फ तिच्या पाठीला लागत होता. तिला हुडहुडी भरली, पण ती जराही हलली नाही.

“तू खोटं बोलायला नको होतंस,” तो पुटपुटला.

“हो. पुन्हा नाही बोलणार. कितीही भीती वाटली तरी.”

“भीती वाटते तुला? माझी?”

“तुझ्यासाठी, वेड्या. प्रेम आहे माझं तुझ्यावर. त्याचीच तर भीती वाटते!”

कोपराच्या आतला अस्थिबंध अर्धा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं टाकलं असतं तर नसही गेली असती. शस्त्रक्रिया करावी लागेल, वर्षभर विश्रांती. पुन्हा पिचर म्हणून उभं राहता येईल का? डॉक्टरांनी खांदे उडवले. “येतं पुष्कळांना. सगळ्यांना नाही.”

शस्त्रक्रियेच्या सकाळी ओरिनला गुंगीचं औषध देऊन झालं होतं. ग्रेटा खाटेच्या कडेला उभी होती, हसरा चेहरा करून.

“यांच्यासोबत कोण थांबणार आहे?” नर्सबाईंनी विचारलं.

“ही,” ओरिन जडावलेल्या जिभेने म्हणाला. “हिच्याशी लग्न करणार आहे मी. तिला अजून विचारलं नाहीये... तुम्ही सांगू नका हं.”

नर्सबाईंनी हातभर अंतरावर उभ्या असलेल्या ग्रेटाकडे बघितलं. “नाही हो. मी कशाला सांगते?”

खाट सरकली, दारं झुलून मिटली. ग्रेटा बाकावर बसली. हसूही येत होतं, रडूही येत होतं. कर्ट येऊन शेजारी बसला, त्याने तिला अर्धं सँडविच दिलं. तिने ते हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही. दारं कितीदा उघडली, कितीदा मिटली... दर वेळी दुसराच कुणीतरी बाहेर आला.

दुपारी तिला आत सोडलं. ओरिनचा हात पट्ट्यांत गुंडाळलेला होता, फक्त बोटांची टोकं बाहेर. तिने भीत भीत करंगळीला हात लावला.

“कळतंय?”

त्याने डोळे उघडले. मोठ्या कष्टाने करंगळी हलवली. “कळतंय.”

मग जरा वेळाने, चोरट्या आवाजात, “मी मघाशी गुंगीत काही बोललो का गं? काहीबाही?”

“कुणाला?”

“त्या नर्सबाईंना.”

“मला काय माहीत?” ग्रेटा खाटेच्या कडेवर टेकली आणि त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. “पण त्या भेटल्या तर त्यांना सांग... ती हो म्हणाली म्हणून.”