दुसऱ्या कार्डवरचं कुंकू

“माफी? कायले मागू माफी? मी काही केलंच नाही!”

भैरवी इतक्या जोरात ओरडली, की स्वयंपाकघरात आईच्या हातून अर्धी चकली तेलात आणि अर्धी ओट्यावर पडली. दिवाळीच्या सुट्टीचा तिसराच दिवस, आणि कळंबच्या त्या घरात फटाक्यांआधीच आवाज सुरू झाले होते!

“आवाज खाली!” बाबांनी दटावलं. नंदकिशोरबाबा तहसील कचेरीत कारकून. शिक्का मारलेल्या कुठल्याही कागदावर त्यांचा चटकन विश्वास बसे, पोटच्या पोरीवर मात्र बसत नव्हता. “कॉम्प्युटरवाले वामनराव फोनवर साफ सांगून राह्यले, पोट्ट्यांनी कॉम्प्युटरचा डबा खोलून आत बोटं घातली म्हणून. उद्या सकाळी दुकानात चल आन् माफी माग. नाही तं कॉम्प्युटर माळ्यावर! दहावी झाल्यावरच खाली येईन.”

दहावी? भैरवी तर आत्ता आठवीत होती! या गेमिंग कॉम्प्युटरवर ती वर्षभर खपून स्वतःचा गेम तयार करत होती. कपाशीच्या वावरातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उधळतो, मागे कुत्री लागतात, असा तो गेम. त्यातली चित्रं रंगवायला एक ग्राफिक्स कार्ड पुरेना, म्हणून दसऱ्यानंतर आठ दिवसांनी बाबांनी दुसरं कार्ड घेऊन दिलं. वामनरावांनी घरी येऊन ते बसवलं, डब्याच्या स्क्रूवर आपल्या दुकानाचं स्टिकर चिकटवलं आणि दोन कप चहा पिऊन गेले. तेव्हापासून दहा मिनिटं काम केलं की पडदा काळा!

“बाबा, स्टिकर तरी पाहा ना! जसंच्या तसं आहे!”

“स्टिकर काय, परत चिकटवता येते,” बाबा म्हणाले आणि पेपर उघडून बसले. डब्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

भैरवी पाय आपटत खोलीत आली. तिथे तिचा मावसभाऊ अनिमेष आणि शेजारचा अंकुर चिवड्याची वाटी रिकामी करत बसले होते. अनिमेष सुट्टीसाठी यवतमाळहून आला होता. त्याचं तोंड खाताना आणि न खाताना सारखंच चालायचं.

“मागून टाक ना माफी,” तो म्हणाला. “दोन शब्द तर आहेत!”

“ते दोन शब्द मी मरेपर्यंत बोलणार नाही! चूक त्यांची आन् माफी मी मागू?”

“मंग खोलून पाहू!” अंकुर बाह्या सरसावून उठला.

“खबरदार! स्टिकर फाटलं तं त्याहिचंच खरं होईन. डब्याला काच आहे ना? बाहेरूनच पाहू.”

तिने कॉम्प्युटर चालू केला. तिघं जमिनीवर आडवे झाले आणि अनिमेषने काचेतून मोबाइलचा उजेड टाकला. वरच्या जुन्या कार्डचे पंखे गरगर फिरत होते. खालच्या नव्या कार्डचा एक पंखा फिरत होता, दुसरा मात्र नुसताच थरथरत होता. त्याच्या पात्यांत काहीतरी अडकलं होतं.

“झेंडू हाय बे!” अंकुर किंचाळला. “झेंडूची वाळेल पाकळी!”

“आणि हे लाल काय आहे?” अनिमेषने नाक काचेला लावलं. कार्डच्या कडेवर कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत लालभडक पूड बसली होती. वरवर पुसलेलं दिसत होतं, पण खाचांतलं तसंच राहिलं होतं.

“कुंकू!” अंकुर म्हणाला. “आमच्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर पाह्य, अस्संच हाय. दसऱ्याले लावलं होतं.”

भैरवी ताडकन उठून बसली. दसऱ्याला कोण पूजा करत नाही? अंकुरचे बाबा ट्रॅक्टरची करतात, आई शिवणयंत्राची, बाबा तर कचेरीतल्या स्टेपलरलाही हळदकुंकू वाहतात! पण दसऱ्यानंतर विकत घेतलेल्या कोऱ्या करकरीत कार्डला कुंकू कुठून लागलं?

“कंपनीतही दसरा असतो का गं?” अनिमेषने डोळे मिचकावले.

“हे कार्ड नवं नाहीच!” भैरवीच्या डोळ्यांत ठिणगी पेटली. “कोणाच्या तरी मशीनमध्ये याची पूजा झाली, मंग हे पुसून आपल्या गळ्यात बांधलं!”

“सांगू चाल काकाले!” अंकुर दाराकडे निघाला.

“थांब! बाबा लगेच फोन करतील आन् वामनराव सावध होतील. उद्या दुकानातच सांगू. अनिमेष, वामनराव तुला ओळखत नाहीत. तू पुढे जायचं. ऐक...”

सकाळी भैरवी शहाण्या मुलीसारखी बाबांसमोर उभी राहिली. “चला बाबा, दुकानात. डबाही घेऊ सोबत.”

“आली ना अक्कल?” बाबा खूश झाले. चादरीत गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन भैरवी गाडीवर मागे बसली. आपण माफी मागणार आहोत असं ती एका अक्षरानेही बोलली नव्हती.

वामनरावांच्या दुकानात गर्दी होती. एका बाजूला तासावर गेम खेळायची पाच मशीनं. अनिमेष आणि अंकुर आधीच पोचले होते, आणि अनिमेषची बडबड ऐन रंगात आली होती.

“काका, मलाही दोन कार्डं बसवायची आहेत. पण तुमचं हे स्टिकर... कोणी हळूच काढून परत चिकटवलं तर?”

“हट्!” वामनरावांनी छाती फुगवली. “आपलं स्टिकर एकदा निघालं की चिंध्या होतात त्याच्या! ब्रह्मदेव आला तरी परत चिकटवू शकत नाही.”

दारात उभ्या बाबांनी हे ऐकलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. भैरवीने डबा काउंटरवर ठेवला.

“नमस्कार काका. तुमचं स्टिकर पाहा बरं. निघालंय का?”

वामनरावांचा चेहरा पडला. “नाही... दिसत तं नाही.”

“म्हणजे तुमच्यानंतर आत कोणाचा हात गेला नाही. आन् आमचं कार्ड नवं होतं ना?”

“म्हणजे काय! कंपनीचं सील तुझ्या बाबांसमोर फोडलं मी!”

“मंग सीलबंद खोक्यात हे कुंकू कोणी लावलं, काका? कंपनीनं?”

गर्दी पुढे सरकली. बाबा वाकले, चष्मा वर करून काचेतून बराच वेळ पाहत राहिले. खाचांतलं कुंकू, पंख्यातली पाकळी, सगळं त्यांना दिसलं.

“काका, हे पाह्या!” मागून अंकुर बाबांना हाक मारत ओरडला. तो गेमच्या मशीनांपाशी उभा होता. पाचही डब्यांच्या बाजू उघड्या होत्या. चार मशीनांतल्या कार्डांवर अगदी तसाच कुंकवाचा टिळा, वर वाळलेला झेंडू. पाचव्या मशीनवर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी, आणि आत कार्डची जागा रिकामी!

वामनरावांना आता घाम फुटला. “ते... दिवाळीच्या गडबडीत... चुकून जुनं पॅक झालं असेल.”

“चुकून पुसलंही, आन् चुकून सीलही लावलं?” भैरवी म्हणाली. “आन् माझं नाव? तेही चुकूनच घेतलं?”

वामनरावांनी मान खाली घातली. “चुकलं माझं, बेटा. नवं कार्ड देतो. आजच घरी येऊन बसवून देतो.”

“नको. मीच बसवीन. इथंच, सगळ्यांसमोर.”

“अवं, ते पोट्टीचं काम नाही!”

“तिचंच काम आहे ते!” बाबा गरजले. मग त्यांचा आवाज उतरला. त्यांनी भैरवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि भर दुकानात, ओळखीच्या दहा माणसांसमोर म्हणाले, “भैरवी, माझंही चुकलं. तू ओरडून सांगत होतीस, आन् मी तुझं सोडून फोनवरच्या माणसाचं ऐकलं. बसव तू कार्ड. मी डबा धरतो.”

भैरवीने भरून आलेले डोळे पुसले. तिने स्टिकर टरकन फाडलं, जुनं कार्ड काढलं, नवं उलटसुलट निरखून खटकन बसवलं. डबा दुकानातल्या पडद्याला जोडताच पडदा उजळला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, रोही कपाशीतून उधळतच राहिला! गिऱ्हाइकं आपापली कामं विसरून पाहत उभी होती. अनिमेषने शिट्टी मारली आणि अंकुर तर नाचायलाच लागला.

झेरॉक्ससाठी आलेले म्हातारे नानाजी काठी टेकत पुढे आले. “शाबास वं बाई! आमच्या नातवाचा डबाही असाच बंद पडते. येशील का पाह्याले?”

“येईन ना, नानाजी,” भैरवी म्हणाली. “पण मी सांगीन ते आधी ऐकून घ्यावं लागेल!”