आटलेलं घोंगडं

ओढ्यावरच्या कुंडाशी म्हातारे ग्रिगोरेकाका असतील म्हणून इलिंका खांद्यावर नवंकोरं घोंगडं टाकून उतरली, तर तिथे एक तरणा मुलगा कुंडात अर्धा वाकून काठीने काहीतरी ओढत होता. त्याची टोपी आत पडली होती आणि भोवरा ती काही सोडत नव्हता.

"टोप्याही धुऊन मिळतात का इथे?" तिने विचारलं.

"अं... नाही, वाऱ्याने..." तो कानापर्यंत लाल झाला. "काकांचा पाय मोडलाय. मी पुतण्या. गाव्रिल."

विणलेलं घोंगडं विरळच असतं. पन्हळीतून कोसळणारं पाणी त्याला लाकडी कुंडात गरागरा फिरवतं, तेव्हा कुठे लोकर फुगते आणि वीण घट्ट होते. वेळेवर काढलं तर ऊबदार, लुसलुशीत. विसरलात तर आटून जाडजूड नमदा. म्हणून जिचं घोंगडं, तिने कुंडापाशी बसून राहायचं अशी रीत. इलिंकाला ही रीत एकाएकी फार आवडू लागली.

त्या उन्हाळ्यात तिने मागावरून हात काढला नाही. तिची आई अनुत्साबाई शेजारणींना सांगे, "पोरीला संसाराची ओढ लागलीय गं!" लागली होती खरीच. पण गाव्रिल बोलायचा कशाबद्दल? ओढ्यातल्या माशांबद्दल, चीजबद्दल, काकांच्या पायाबद्दल. मुद्द्याचं सोडून सगळं.

पानं पिवळी पडली तेव्हा ती शेवटचं घोंगडं घेऊन आली.

"रविवारी मला बघायला येतायत," ती म्हणाली. "खोऱ्यापलीकडचे लाकूडवाले. आई पलंगावर घोंगड्यांची चळत रचणार, सगळ्यांत वर हे."

गाव्रिलच्या हातातली काठी थांबली. "अस्सं... छान आहेत."

"कोण? लाकूडवाले?"

"पट्टे... लाल पट्टे."

त्यालाही भोवऱ्यात ढकलावं असं इलिंकाला मनापासून वाटलं.

दुपारी तिने विचारलं, "झालं का रे?"

त्याने घोंगड्याचं टोक वर काढलं, चिमटीत दाबून पाहिलं. "थोडं राहिलंय."

उन्हं कलली. "आता?"

"अजून... थोडंसंच."

तिनेही चिमटीत धरून पाहिलं. "हो, राहिलंय खरं."

दोघं शेजारी बसून पाण्याकडे बघत राहिली. त्याचा हात तिच्या हाताजवळ आला, काहीतरी आठवल्यासारखा मागे गेला, पुन्हा आला. सूर्य डोंगराआड गेल्यावर अखेर घोंगडं बाहेर निघालं. बाळाच्या दुपट्याएवढं, आणि ताठ!

"मेलो!" गाव्रिलने कपाळावर हात मारला. "तुझ्या आईचे पाय धरतो मी. माझीच चूक..."

"दुपारीच झालं होतं ते," इलिंका शांतपणे म्हणाली. "तुला कळलं नाही?"

"कळलं होतं."

"मग काढलं का नाहीस?"

"काढलं असतं तर तू गेली असतीस ना!... आणि कळत होतं तर तू का गप्प बसलीस?"

"म्हटलं, आता बोलशील, मग बोलशील... एवढं चांगलं घोंगडं गेलं, पण तुझं तोंड उघडेना!"

गाव्रिलने काठी खाली ठेवली. "इलिंका... माझ्याशी लग्न करशील?"

तिने मेंढ्या कातरायची कात्री उचलली, विझल्या चुलीतला कोळसा घेतला. "बूट काढ. पाय ठेव या नमद्यावर."

"म्हणजे... हो?"

"हलू नकोस रे, रेघ वाकडी जाते!" ती म्हणाली आणि त्याच्या पावलाभोवती कोळशाने रेघ ओढू लागली.

रविवारी लाकूडवाले ऐटीत बसले. आलुबुखाऱ्याची दारू ओतली गेली. मुलाच्या आईने घोंगड्यांची चळत चाचपली. "पाच म्हणाला होतात ना? चारच दिसतायत."

"पाचवं वाळतंय, येईलच," अनुत्साबाईंनी ठोकून दिलं. घोंगडं कुठेय ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं!

तेवढ्यात दार वाजलं. चापूनचोपून भांग पाडलेला गाव्रिल काखेत चीजचा गड्डा घेऊन उभा. चिखलाचे बूट उंबऱ्याशी काढून, पिशवीतल्या नमद्याच्या नव्याकोऱ्या सपाता पायांत चढवून तो आत आला. सपातांवर लाल पट्टे. आतल्या खोलीतून तबक घेऊन इलिंका आली. तिच्याही पायांत तेच पट्टे.

अनुत्साबाईंनी त्याचे पाय पाहिले, लेकीचे पाय पाहिले, आणि एक मोठा सुस्कारा सोडला.

"आलं बघा पाचवं," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "चालत आलं. दोन्हीकडून."