ओठांआधीचा शब्द

"तुमच्यापैकी एक जण रोज खोटं बोलतंय," संचालक श्रीरंग टिकेकर म्हणाले, आणि चर्चाकक्षातले सगळे चेहरे खर्रकन उतरले.

चंद्रतळावर जाणाऱ्या तुकडीचं हे प्रशिक्षणकेंद्र. निवड तोंडावर आलेली, चार बायका आणि दोन पुरुष जिवाचं रान करत होते. प्रत्येकाच्या गळ्यात कंठपट्टा होता. चंद्रावर जाड हातमोज्यांनी बटणं दाबता येत नाहीत, म्हणून इथली प्रत्येक आज्ञा, प्रत्येक नोंद बोलूनच करायची. त्यातून संचालकही सुटले नव्हते.

"डॉक्टर, सांगा यांना."

पट्टा ज्यांनी घडवला त्या डॉ. सुलभा बोरकुटे नाखुशीनंच उठल्या. "शब्द ओठांवर यायच्या आधी गळ्याचे स्नायू तो जुळवतात. पट्टा ती पूर्ववाणी वाचतो, मग उच्चारलेला शब्द ऐकतो. दोन्ही जुळले तर हिरवा दिवा. नाही जुळले तर लाल, आणि दोन्ही शब्द पडद्यावर. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून चुकीची आज्ञा जाऊ नये, एवढ्यासाठीच केलं होतं हो मी हे!"

"आणि मराठीत?" टिकेकरांनी विचारलं.

"मराठीत माणूस स्वतःविषयी बोलला की क्रियापदातच कळतं, बाई की बुवा. मी गेले, मी गेलो." बाईंनी चष्मा पुसला. "इथं रोज कुठल्या ना कुठल्या पट्ट्यात आत 'गेलो' आणि बाहेर 'गेले' सापडतंय. कुणाचं ते कळत नाही. पट्टे सगळे एकाच खुंटीला, सकाळी हाताला येईल तो घालायचा. आणि आवाज साठत नाही, फक्त शब्द."

"नियम साधा आहे," टिकेकर म्हणाले. "ज्याचं आतलं-बाहेरचं जुळत नाही, तो चंद्रावर जात नाही. तिथं सहा जणांचा जीव एकमेकांच्या शब्दावर टांगलेला असतो. जेवणानंतर चाचणी."

टिकेकर शोधत होते ते माणूस चार बायकांतलंच. कागदोपत्री ती हर्षदा दाभोळे, पण आपण नुसतं दाभोळे म्हणू, आणि 'तो' म्हणू. कारण मनातल्या मनात तो लहानपणापासून 'मी आलो'च म्हणत होता, आणि आपल्याला त्याच्याच मनात शिरायचंय. तोंडानं 'आले' म्हणताना त्याच्या जिवावर यायचं. म्हणून तो वाक्यच वळवून घ्यायचा. 'मी जेवले' ऐवजी 'माझं जेवण झालं'. पण दर वेळी कसं जमणार? कधीतरी 'गेले' म्हणावंच लागे, आणि गळ्यातला दिवा लाल होई. तो कॉलरनं झाकायची त्याला सवयच लागली होती.

त्या दुपारी भोजनकक्षात मात्र भलतंच झालं. सगळ्याच बायका वाक्यं वळवू लागल्या. "झोप झाली का?" "हो, आंघोळपण झाली." 'मी' म्हणून कुणी वाक्य सुरू करेना. जी वळवून बोलेल तिच्याकडे बाकीच्या टकामका बघत, आणि सरळ बोलली तर तिच्या गळ्याकडे. एकीनं तर दुसरीच्या आखूड केसांवरून टोमणाही मारला. महिनोन्‌महिने एका ताटात जेवलेली माणसं ही! चंद्रासाठी दाभोळेनं नोकरी सोडली होती, घर सोडलं होतं. आता एका क्रियापदापायी सगळं जाणार होतं.

चाचणीत पहिली उठली शालन घोरपडे. तुकडीतली सगळ्यांत निष्णात वैमानिक, कोल्हापूरकडची, आणि दाभोळेची जिवाभावाची मैत्रीण.

"काल मी उड्डाणकक्षात गेले," ती म्हणाली.

लाल दिवा. आत 'गेलो', बाहेर 'गेले'.

कुणीतरी सुस्कारा सोडला. शालन आधी बुचकळ्यात पडली, मग भडकली. "अहो सर, आमच्याकडं समद्या बायका आलो-गेलोच म्हणतात! माझी आई म्हणती, आज्जी म्हणायची. पुण्यात शिकायला आलो तर पोरी हसायला लागल्या, म्हणून जीभ वळवून घेतली."

"छान पळवाट आहे." टिकेकरांचा जन्म पुण्याच्या एकाच पेठेत गेलेला. "डॉक्टर, असं कुणी बायका बोलतात?"

"मी नागपूरची, सर. मला खरंच माहीत नाही."

"मग झालं तर. सापडलं माणूस, चाचणी संपली."

दाभोळे सुटला होता! गप्प बसलं की चंद्र त्याचा. शालननं पट्टा काढायला हात वर नेला. ते बघून त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"थांबा सर," तो उठला. "शालन खरं बोलते आहे. ती बाईच आहे. मी नाही. तुम्ही शोधताय तो मी. आल्या दिवसापासून मी इथं 'गेले, आले' म्हणत आलो, आणि प्रत्येक वेळी खोटं बोललो."

सगळ्यांच्या नजरा त्याच्या गळ्याकडे गेल्या. दिवा हिरवा होता.

"पुन्हा बोला," टिकेकर म्हणाले.

"मी इथं शिकायला आलो. रात्रंदिवस राबलो. कुणाला सांगायला भ्यालो."

हिरवा. हिरवा. हिरवा. टिकेकर खोदून खोदून विचारत राहिले, बालपण, शाळा, घर, आणि दाभोळे आयुष्यात पहिल्यांदाच वाक्यं न वळवता घडाघडा बोलत राहिला. लाल दिवा एकदाही लागला नाही. शालननंही मग मोकळेपणी "मी उड्डाणकक्षात गेलो" म्हणून दाखवलं. तोही हिरवा.

"सर," बोरकुटेबाई म्हणाल्या, "पट्ट्याला बाई-बुवा कळतच नाही. न जुळणं तेवढं कळतं. तुमच्या नियमानं आता दोघांनाही अपात्र ठरवता येत नाही."

नियम टिकेकरांचा स्वतःचाच होता. त्यांनी चिडून घसा खाकरला. "ठीक आहे. निवडीची नोंद. शालन घोरपडे पात्र ठरली. हर्षदा दाभोळे पात्र ठरली."

त्यांच्याच गळ्याशी लाल दिवा लागला. पडद्यावर शब्द उमटले. बाहेर, ठरली. आत, ठरला.

शालन फिस्सकन हसली. बोरकुटेबाईंनी कसंबसं हसू दाबलं. "सर, न जुळलेली नोंद यंत्र घेत नाही."

आपल्या गळ्यात तो शब्द कधी येऊन बसला, हे टिकेकरांचं त्यांनाच उमगेना. मग ते दाभोळेकडे वळले.

"नोंद," ते हळूच म्हणाले. "दाभोळे पात्र ठरला."

यंत्रानं नोंद घेतली.