बारा रिकाम्या बाटल्या

सकाळचे साडेआठ वाजले होते. डॉ. राजनंदिनी खर्डे पहिल्या पिंजऱ्यापाशी थबकली. पाण्याची बाटली रिकामी होती.

दुसरी रिकामी. तिसरीही. बारा सशांनी रात्रीत बारा बाटल्या थेंबही न ठेवता संपवल्या होत्या आणि आता ते कोपऱ्यात अंग चोरून बसले होते.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, बरं झालं, पाणी तरी प्यायले. पण या पाण्यात औषध असायचं, आणि ते असं जहर कडू की ससे निम्मं प्यायचे नि निम्मं सोडून द्यायचे. चार महिन्यांत तिनं एकही बाटली रिकामी पाहिली नव्हती.

भिंगारच्या पुढे पाथर्डी रस्त्यावरच्या या प्रयोगशाळेत राजनंदिनी प्राण्यांची डॉक्टर होती. शरीराची राखण करणारी यंत्रणाच कधी कधी फितूर होते आणि स्वतःचेच सांधे पोखरू लागते. त्या आजारावर ती औषध शोधत होती. पुण्याची बैठक आटोपून कालच परतली होती.

ती तडक फ्रीजकडे गेली. काचेच्या सीलबंद कुप्यांमधलं औषध पिवळंधमक होतं. मग तिनं वापरलेल्या कुप्यांची टोपली उपडी केली. रोजची एक कुपी, प्रत्येकीवर तारीख. जुन्या कुप्यांच्या तळाला वाळलेला पिवळा डाग होता. शेवटच्या नऊ मात्र लख्ख. तिनं एकीचा थेंब जिभेला लावला. नुसतं पाणी!

ती पुण्याला गेल्यापासूनचे हे नऊ दिवस होते.

"चोरी आहे ही," संचालक डॉ. निमसे खुर्चीतून न उठताच म्हणाले. "त्या खोलीत तिघांचाच वावर. छबूबाई, अंगद आणि निकिता. कुपी फोडतं कोण? छबूबाई. तिची बोटं पाहिलीत ना? वाकडी. औषध कशाचं? सांध्यांचं. आणखी काय पाहिजे? बारा वाजता पोलिसांना फोन करतो."

"सर, पण ते पोटात जात असेल तर?"

निमसे खुर्चीतून उठले. सशांच्या पहिल्या तुकडीचं काय झालं, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. औषधाची मात्रा जास्त होती. ससे आठवड्यात उड्या मारायला लागले आणि चौदाव्या दिवशी दोन मेले. उघडून पाहिलं तर यकृताचा लगदा झालेला. तेव्हापासून एक कुपी बारा सशांत, पाण्यात मिसळून. त्या दोन सशांचा अहवाल राजनंदिनीच्या खणात कुलूपबंद होता.

आता आख्खी कुपी रोज एकाच पोटात जात असेल तर? आज दहावा दिवस. तिला बसवेना. सरळ सगळ्यांना सांगून टाकावं? पण चोर घाबरून पळाला, तर उपचार करायचे कुणावर?

छबूबाई धुण्याच्या खोलीत ओलं पोतं पिळत होत्या. पाथर्डीकडच्या. बारा वर्षं ऊसतोडीला जाऊन मग इथं साफसफाईला लागलेल्या.

"छबूबाई, औषधाची कुपी तुम्ही फोडता?"

"व्हय म्याडम. निकिताताईंनीच सांगितलंय. मी सकाळी सहाला येते, साडेअकराला सुटते. जायच्या आधी कुपी फोडून, बाटल्यांची झाकनं ढिली करून ठिवते. दोनला निकिताताई भरत्यात."

"ती तर सकाळीच भरायची ना?"

"दिवाळीपातुर सकाळीच. आता दुपारी."

"तुमची बोटं दुखतात?"

"कोयत्यानं वाकडी झाली, म्याडम. पर कामाला कदी नड न्हाई." त्यांनी पोत्याला असा पीळ दिला की थेंब राहिला नाही. मग त्यांनी ते बादलीवर आपटलं. "साहेब मला चोर म्हनत्यात. माझ्या सात पिढ्यांत कुनी काडी उचलली न्हाई."

अंगदकडे भांडाराची जबाबदारी होती. त्याला प्रश्न विचारायच्या आधीच घाम फुटला.

"तुझ्या आईला हे औषध चालेल का, असं तू विचारलं होतंस."

"इचारलं हुतं. तुमी न्हाई म्हनल्या, मी इषय सोडला. आन् मी हुतो कुठं म्याडम? भनीचं लगीन हुतं, आठ दिस गावाला. चावी हापिसात दिल्ती."

हजेरीची वही खरं बोलत होती. अंगद काल सकाळीच कामावर आला होता.

निकिता संशोधन करणारी विद्यार्थिनी, श्रीरामपूरची. हुशार, कष्टाळू. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. दोन्ही तळव्यांत कप धरून ती चहा पीत बसली होती.

"चूक माझीच, मॅडम," ती लगेच म्हणाली. "उघडी कुपी तशी राहायला नको होती. साडेअकरा ते दोन कुणीही येऊ शकतं."

"वेळ का बदललीस?"

"सकाळी वाचन करते."

"आणि ससे कसे आहेत?"

"छान. तक्त्यावर लिहिलंय ना, सूज रोज उतरतेय."

पावणेबारा वाजता राजनंदिनीनं तिघांना निमसेंच्या खोलीत बोलावलं. निमसेंचा हात फोनवरच होता. छबूबाई दाराशी पदर घट्ट धरून उभ्या होत्या.

"सर, फोन राहू द्या. छबूबाईंनी काही केलेलं नाही," राजनंदिनी म्हणाली. "त्यांची बोटं टोकाला वाकलीत, कामानं. आपला आजार बोटांच्या मुळाशी धरतो आणि पहाटे सगळ्यात जास्त छळतो. हा आजार असलेलं माणूस सकाळी सहाला पोतं पिळू शकत नाही. त्याला सकाळी साधं झाकणही फिरवता येत नाही."

तिनं हजेरीची वही टेबलावर ठेवली.

"अंगद नऊपैकी आठ दिवस इथं नव्हता. सीलबंद कुप्या शाबूत आहेत, म्हणजे औषध रोजच्या रोज, कुपी फोडल्यावर काढलं गेलं. मग मला एकच कळेना. दोन वाजता लागणारी कुपी साडेअकरालाच का फोडून घ्यायची? दोनला बाटल्या भरणारं माणूस ती स्वतःच फोडू शकतं की! त्याच्या बोटांत तेवढा जोर नसेल, तरच."

निकितानं हात एप्रनच्या खिशात घातले.

"आणि तो तक्ता. नऊ दिवस ससे नुसतं पाणी प्यायलेत. मी आत्ता त्यांचे गुडघे पाहून आले, टरारून सुजलेत. तक्त्यावर मात्र सूज उतरतेय. निकिता, ती उतरणारी सूज सशांची नव्हती. तुझी होती."

"हात बाहेर काढ, बाळा," राजनंदिनी हळूच म्हणाली.

निकितानं हात काढले. बोटांच्या मुळाशी सूज होती.

"दिवाळीत कळलं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, जन्मभर गोळ्या, आणि त्या चालू असताना मूल नको. घरी कुणालाच सांगितलं नाही. लग्न मोडलं असतं. आपले ससे आठवड्यात उड्या मारताना मी बघितले होते, मॅडम."

"आणि छबूबाईंवर आळ आला तेव्हा?"

"मी भ्याले," निकिता खाली बघत म्हणाली.

राजनंदिनीनं खणातला अहवाल आणला आणि तिच्यापुढे ठेवला. निकिता वाचत गेली. दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हे मला का नाही सांगितलं?"

"तू सूज मोजायचीस. औषधाचा परिणाम आधी कळला तर मोजणाऱ्याची नजर बिघडते, म्हणून तो लपवायचा नियम. पण ससे मेल्यावर नियम कसला? औषधाचं नाव खराब होईल म्हणून मी गप्प बसले, ती तुकडी दुसरीकडे हलवली असं तुला सांगितलं." हे बोलताना तिला स्वतःची शरम वाटली. "अंगद, गाडी काढ."

गाडीत निकिताशेजारी आधी कोण बसलं असेल, तर छबूबाई. "रडू नगं," त्या एवढंच म्हणाल्या. माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी नगरच्या दवाखान्यात रक्ताचा अहवाल आला. यकृताला झळ लागली होती, पण औषध वेळेत थांबलं होतं. भरून येईल, डॉक्टर म्हणाले. मात्र ते पुन्हा थेंबभरही घ्यायचं नाही. राजनंदिनीचे पाय दिवसभरात पहिल्यांदा एका जागी ठरले.

"मॅडम," निकिता खाटेवरून म्हणाली, "काल सकाळी मी माझी वेणी माझ्या हातानं घातली. चार महिन्यांनी. आई बघत राहिली. उद्या पुन्हा नाही घालता येणार ना?"

"नाही."

"शोधनिबंधात हे लिहाल? की वेणी घालता आली होती?"

"लिहीन," राजनंदिनी म्हणाली. "आणि दोन ससे मेले, ते मी लपवलं, हेही लिहीन. मग कदाचित हा प्रयोगच माझ्या हातून जाईल."

निकितानं सुजलेला हात पुढे केला. राजनंदिनीनं तो दुखणार नाही इतका अलगद धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.