पुलावरची माणसं

तिनं सँडल काढून टेबलाखाली पाय लांब केले, तर पायाखाली काहीतरी उबदार आलं… आणि ते हललं!

"अगं बाई!" ती अशी किंचाळली, की पलीकडच्या साहेबांनी हातातला चहा स्वतःच्याच शर्टावर ओतून घेतला.

"खरं तर मी ओरडायला हवं," टेबलाखालून आवाज आला. "हात माझा आहे."

केसांत धूळ, दातांत वायर अशा अवतारात एक तरुण बाहेर आला. ती लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी झाली. "फार लागलं का हो?"

"लागलं ना," तो बोटं हलवून बघत म्हणाला. "पण पाय तुमचा होता, म्हणून माफ."

आता बोला! पहिल्याच भेटीत हे.

ऑफिसात त्याला सगळे वायरवाला म्हणत आणि तिला भविष्यवाली. कारण कुठला खेळ किती चालणार, हे तो बाजारात येण्याआधी सांगणं हेच तिचं काम. सध्या तिच्यापुढे होता ‘सातवेशी’. ऑनलाइन खेळ. आपण तलवारबाज व्हायचं, वैद्य व्हायचं, चेटकीण व्हायचं आणि कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांबरोबर भटकायचं. इतकी वर्षं तो फक्त कॉम्प्युटरवर होता. आता कन्सोलवर येणार, म्हणजे टीव्हीला जोडून, सोफ्यावर लोळून खेळता येणार. काही हजार घरांत चाचणीसाठी दिलाही होता, आणि ऑफिसातल्या चाचणीच्या खोलीची जोडाजोड करायला हा वायरवाला आला होता.

जोडाजोड लवकरच संपली. वायरवाल्याच्या फेऱ्या काही संपेनात. रोज चहाच्या वेळेला कप घेऊन यायचा आणि तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकायचा.

"काम नाही का तुम्हाला?"

"आहे की. हेच."

"हेच म्हणजे?"

"म्हणजे… हेच," असं म्हणून तो चहात बघत बसायचा. ती स्क्रीनमध्ये बघायची, पण मेले कान मात्र लाल व्हायचे.

"रोज येऊन बसतो, याचा अर्थ काय गं?" घरी ताईनं विचारलं.

"बसतो म्हणजे बसतो. बोलत तर काही नाही. मी ते कशाला धरू?"

"आणि म्हणे भविष्यवाली!" ताईनं कपाळाला हात लावला.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी आकडा आला, आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. लोक हौसेनं येत होते, थोडं लढत होते, आणि मग… गायब! खेळ आपटणार होता. तिनं पुन्हा पुन्हा हिशेब केला, आकडा ढिम्म हलेना. साहेबांनी आधीच बजावलं होतं, आकडा पडला तर कन्सोलचा अख्खा विभाग बंद आणि माणसांची रवानगी दूरच्या शाखेत. वायरवाला त्याच विभागातला.

नेमका तो तेव्हाच कप घेऊन आला. "तोंड का उतरलंय?"

तिनं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"मी… थोडा वाढवून देऊ का आकडा?"

"वेड लागलंय का? नाव खराब होईल तुमचं. खरा असेल तोच द्या."

"मग तुम्ही जाल."

"जाईन."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना… पण ते तुमच्या आकड्यात कुठं बसतंय?" तो कसनुसं हसला. दारापर्यंत जाऊन थांबला. "एक मात्र कळत नाही. लोक गायब म्हणता, पण खेळात तिसऱ्या वेशीबाहेरचा पूल तर रोज भरलेला असतो. मीही असतो संध्याकाळी, घरून."

"पुलावर काय करतात लोक?"

"काहीच नाही. बसतात."

तो गेला, आणि ती ताडकन उठली. काहीच नाही! कॉम्प्युटरवर कित्येक जण खेळ चालू ठेवून झोपायला जात. म्हणून तिचा जुना नियम होता, बराच वेळ बटण दाबलं नाही की माणूस उठून गेला असं समजायचं आणि वगळायचं. गप्पा मारायच्या तरी टाइप करावं लागे, हात हलेच.

पण कन्सोलवर…?

ती चाचणीच्या खोलीत धावली. माईकचा हेडफोन चढवला, आपलं पात्र पुलावर नेलं, आणि बघतच राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसंच माणसं! तलवारी बाजूला, पाय पाण्याकडे सोडलेले.

"…भाजी निवडून झाली, आता बोल…"

"बाबा, गोळी घेतली का?"

"सातचा पाढा म्हण, मी ऐकतेय इथं."

कंट्रोलर मांडीवर टाकून माणसं चक्क तोंडानं बोलत होती. हात हलत नव्हते, म्हणून तिनं या सगळ्यांना हिशेबातून हाकलून दिलं होतं!

"नवीन दिसतेस. कोण गं तू?" एका आजीबाईंचा आवाज आला.

"मी… या कंपनीत आहे. किती लोक खेळतील ते सांगते."

पुलावर कुजबुज सुरू झाली.

"म्हणजे… हातावर पाय देणारी?" कुणीतरी दबकत विचारलं.

"अगं, तीच ती! टेबलाखालची!"

"आमचा पुलावरचा पोरगा रोज तुझंच सांगतो, बाई," आजी म्हणाल्या. "आज केस मोकळे होते, आज हसली, आज मान वर केली नाही… आम्ही म्हणतो, अरे, सांग की तिला. तर म्हणतो, तिच्या हिशेबात मी नाहीच."

तिचे डोळे भरून आले. हेडफोन तिथंच टाकून ती पळाली. जुना नियम काढला, बसलेली सगळी माणसं धरली, आणि आकडा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी या खेपेला चहा आधी खाली ठेवला आणि मग डोळे फाडून बघितलं. "अगं, हे खरं आहे?"

"चला पुलावर, ऐकवते."

साहेबांनी पुन्हा चहा उचलला. "नको. विभाग राहतोय."

ती चाचणीच्या खोलीत परतली, तर टेबलाखालून दोन ओळखीचे बूट बाहेर आलेले. वायरवाला वायरी सोडवायला आला होता. तिनं सँडल काढली आणि पाय अलगद त्याच्या हातावर ठेवला.

"अहो…!" त्याचं डोकं खाडकन टेबलाला आपटलं.

"अहो काय? अख्ख्या पुलाला सांगतोस, आणि मलाच सांगत नाहीस?"

तो डोकं चोळत बाहेर आला. चेहऱ्यावरचा रंगच उडालेला. "तुम्हाला… तुला कुणी…?"

"आकडा बदलला. तू कुठंही जात नाहीयेस. वगळलेली सगळी माणसं मी धरली. तुझ्यासकट."

"म्हणजे?"

"म्हणजे… हेच," ती म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले.

तो डोकं चोळतच राहिला.

"अरे, हो म्हण की, शुंभा!" टेबलावरच्या हेडफोनमधून आजींचा आवाज फुटला.

दोघं दचकून वळले. माईक चालूच राहिला होता!

"हो," तो घाईघाईनं म्हणाला. "हो, हो!"

आणि स्क्रीनवर, ज्या पुलावर कधी कुणी बोट हलवत नसे, तिथली झाडून सगळी माणसं उठून नाचायला लागली.